हवेला जात नसते म्हणे!

सोलापूरच्या सात रस्त्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हवा मोजण्याचे केंद्र आहे. 2019 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव होते. तेव्हापासून प्रत्येक चर्चासत्रात एक वाक्य हमखास ऐकू येते : हवेला जात नसते, प्रदूषण सगळ्यांना सारखेच मारते.

मित्रांनो, हे वाक्य तपासून घेतले पाहिजे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत महारवाडा पूर्वेला असे. वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. अस्पृश्यांच्या वस्तीवरून आलेला वारा गावाला लागू नये, हा त्यामागचा हिशेब आपल्या आजा-पणजांनी सांगितलेला आहे. ज्या समाजाने वाऱ्याची दिशा पाहून वस्त्या बसवल्या, त्या समाजात हवा जातीबाहेर कशी राहील?

गाव सुटले आणि गिरणी आली. सोलापूरची जुनी गिरणी 1870 च्या दशकातली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या झाल्या आणि शहर भोंग्यावर चालू लागले. गिरणीत जात विरघळेल असे पुष्कळांना वाटले होते. प्रत्यक्षात काय झाले ते मुंबईच्या गिरण्यांत लख्ख दिसते. तिथे विणाई खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हा अनुभव होता.

या बंदीने मजुरी बुडाली, हे आपण नेहमी सांगतो. पण ही बंदी फुफ्फुसांवरही होती, हे फारसे कुणी सांगत नाही. कापसाची धूळ सर्वांत दाट असते ती रुई फोडण्या-पिंजण्याच्या खात्यांत, म्हणजे ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये. त्याखालोखाल सूतकताईत. विणाईत ती त्यामानाने कमी. म्हणजे जे खाते चांगल्या पगाराचे तेच कमी धुळीचे, आणि नेमके तेच आपल्या माणसांना बंद. ते बहुसंख्येने राहिले रिंग खात्यात आणि झाडूवर.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगाचे नाव बिसिनोसिस. सुटीनंतर कामावर आले की पहिल्याच दिवशी छाती आवळते, दम लागतो. सुरुवातीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते. काही वर्षांनी आठवडाभर त्रास होतो, आणि मग काम सोडले तरी दम परत येत नाही. लक्षणे दम्यासारखी, क्षयासारखी. त्यामुळे कामगाराच्या कागदावर टीबी, दमा नाहीतर ‘विडी ओढतो’ असे लिहून मोकळे होणे सोपे असते. भरपाई मग कोण मागणार?

सोलापूरचा आणखी एक इतिहास आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे मोठी सेटलमेंट उभी राहिली. तारेच्या कुंपणात राहायचे, हजेरी द्यायची आणि गिरणीत राबायला जायचे. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला धुळीचे खाते नको म्हणण्याची सोय नव्हती. गिरणी कामगारांच्या इतिहासात या लोकांना अर्धे पान तरी मिळते का, तुम्हीच बघा.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा 1943 साली बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवण्यात आली. त्यात कापड उद्योग पहिल्या तीन उद्योगांत होता. यातूनच 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात बिसिनोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला रोग होता. म्हणजे कायदा होता.

पण गिरण्या बंद पडल्या आणि माग लहान लहान शेडमध्ये गेले. चादर-टॉवेलच्या यंत्रमागांवर तीच धूळ उडते. तो कायदा लागू व्हायला विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान 10 कामगार लागत. शेडचे तुकडे केले, नावे वाटून दाखवली की झाले. 2020 च्या नव्या संहितेने कारखान्याच्या व्याख्येतली ही संख्या 20 केली. विडी कामगार महिलांचे तर घरच कारखाना, तंबाखूची भुकटी चुलीपाशी आणि पाळण्यापाशी.

(2023 च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली, ती विमानांना अडथळा होत होता म्हणून. कुणाच्या छातीला त्रास होतो म्हणून या शहरात चिमणी पाडल्याचे मला आठवत नाही.)

आता पुन्हा सात रस्त्यावर येऊ. 2.5 मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत आणि तिथून रक्तात जातात. दम्याबरोबर हृदयविकार आणि पक्षाघातही वाढतो. आपल्याकडे या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ती 5 सांगितली. आकड्यांवर वाद घालायला तज्ज्ञ आहेत. पण यंत्र जी हवा मोजते ती चौकाची सरासरी हवा. पहाटे कोरड्या रस्त्यावर खराटा चालवणाऱ्या बाईच्या नाकापाशी जी धूळ उठते, ती त्या सरासरीत हरवून जाते. शुद्ध हवा कार्यक्रमाचा मोठा खर्च रस्त्यावरच्या धुळीवर होतो, आणि ती धूळ उचलणारी माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात हे सोलापूरकरांना सांगायला नको.

तेव्हा माहितीच्या अधिकारात दोन प्रश्न टाका. कायम आणि कंत्राटी सफाई कामगारांपैकी गेल्या पाच वर्षांत किती जणांची फुफ्फुसांची तपासणी झाली? आणि जिल्ह्यात बिसिनोसिसच्या किती रुग्णांची नोंद आहे? एक अर्ज महानगरपालिकेला, दुसरा औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला. उत्तर ‘निरंक’ आले तर तोही कागद जपून ठेवा, अपिलाला लागेल.