दरबाराचा जमाखर्च

बिदर जिल्ह्यातले हुलसूर बसवकल्याण आणि भालकीच्या टापूत येते. पश्चिमेला थोडे सरकले की निलंगा-उमरग्याचा मुलूख लागतो. 1948पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. 1956च्या पुनर्रचनेत हुलसूर म्हैसूर राज्यात गेले, पण घरातली मराठी, बाजारातली कन्नड आणि दोन्हींत मिसळलेली दखनी काही हलली नाही. धर्माच्या बाबतीतही हा टापू एका चौकटीत कधी बसला नाही. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, जिथे मंदिराला वळसा घालून स्वतःची सभा भरवली ते कल्याण, आजचे बसवकल्याण, इथून जवळच. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी (1817-1865) सकलमत संप्रदाय उभा केला, तोही याच मातीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिदरकडे मेथडिस्ट मिशन आले आणि खेड्यापाड्यांत ख्रिस्ती मंडळ्या दिसू लागल्या. मनोऱ्याचे देऊळ नाही, कायमचा पाळक नाही, कुणाच्या तरी ओसरीवर प्रार्थना आणि भजन, असा ख्रिस्ती मेळा या भागाला परका नाही. अशा मेळ्यांचा विषय निघाला की चर्चा लगेच बाप्तिस्म्यावर येते: कोण बाटले, कोण नाही, किती जण कागदावर आहेत. मराठी मुलखातल्या गेल्या दोनशे वर्षांच्या ख्रिस्ती इतिहासाकडे पाहिले तर हा प्रश्न दुय्यम वाटतो. चर्चच्या चौकटीबाहेरची मंडळी कशी घडली आणि कशी मोडली, याचा उलगडा बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपेक्षा जमाखर्चाच्या वहीत अधिक सापडतो.

मेथडिस्टांचीच गोष्ट घ्या. घरोघरी जमणाऱ्या छोट्या गटांचा हा पंथ, आणि त्या गटांचा जन्म झाला वर्गणीतून. 1742च्या फेब्रुवारीत ब्रिस्टल इथे प्रार्थनामंदिराचे कर्ज कसे फेडायचे यावर खल चालला होता. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी; बारा-बारा जणांचे गट करावेत, एकाने ती गोळा करावी आणि ज्याला परवडत नाही त्याच्या वाटचे स्वतः भरावे. पेनी मागायला घरोघर जाणाऱ्या माणसाला कुणाची बायको आजारी आहे, कोण दारूला लागला आहे, हे दिसू लागले. पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या ध्यानात आले की कर्ज फेडता फेडता मंडळी चालवण्याची रीतच हाती लागली. पुढे ज्याचे इतके कौतुक झाले त्या आत्मिक जवळिकीचे मूळ वसुलीच्या फेऱ्यात होते, हे सांगायला मेथडिस्ट लेखकही संकोचत नाहीत.

ही रीत मुंबईत आली ती अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर यांच्यामागोमाग. 1871च्या अखेरीस ते मुंबईत उतरले आणि लोकांच्या घरी सभा घेऊ लागले. सभेत आलेल्यांचे छोटे छोटे गट केले, प्रत्येक गटाला एक बिनपगारी पुढारी दिला. आलेले बहुतेक युरोपीय व अँग्लो-इंडियन नोकरपेशाचे लोक होते. मराठी माणसे मोजकीच. टेलर यांचा हट्ट एकच होता: अमेरिकेतल्या मिशन सोसायटीने माणसे पाठवावीत, पण इथली मंडळी इथल्याच पैशावर चालली पाहिजे. त्यांना येऊन मिळालेले जॉर्ज बोवेन तर त्याच्याही पुढचे. 1848 साली अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून मुंबईत आलेल्या या माणसाने दुसऱ्याच वर्षी पगार नाकारला, देशी वस्तीत लहानशी जागा घेतली, शिकवण्या करून पोट भरले आणि 1888मध्ये मरेपर्यंत रस्त्यावर मराठीत उपदेश केला. त्या उपदेशाने ख्रिस्ती झालेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी बाजारातल्या माणसाला एवढे कळत होते की हा बोलतो ते पगारासाठी नाही. टेलर यांच्या घरगुती गटांचे मात्र पाच वर्षांत रूपांतर झाले. 1876मध्ये मेथडिस्टांची दक्षिण भारत परिषद स्थापन झाली. कामाचा पसारा इंग्रजी जाणणाऱ्या शहरी लोकांपलीकडे खेड्यांत गेला, तसा स्वावलंबनाचा नियम सैल होत गेला. खेड्यातला भूमिहीन मजूर आठवड्याला पेनी कुठून देणार? शाळा आणि दवाखाना हवा तर पैसा समुद्रापलीकडून येणार, आणि त्याबरोबर हिशेब मागणारेही येणार.

हिशेब मागणारा मंडळीचे रूप कसे ठरवतो, हे पंडिता रमाबाईंच्या उदाहरणात फारच उघड दिसते. 1883मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई पंथांच्या चौकटीत रमल्या नाहीत. श्रद्धेची कलमे आणि बिशपांचा अधिकार यांवरून वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून खटका उडत राहिला. पण 1889मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी उघडलेले शारदा सदन चालत होते बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या दहा वर्षांच्या हमीवर, आणि धर्मप्रसार करायचा नाही ही त्यातली अट होती. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. मुली येऊन बसत. त्या उघड्या दारावरून 1893मध्ये रानडे-भांडारकर प्रभृतींचे सल्लागार मंडळ बाहेर पडले. हमीची मुदत संपली तेव्हा रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती झाले आणि कुठल्याही एका पंथाचे झाले नाही. देणाऱ्यांचे हात बदलले, तसे मंडळीचे रूप बदलले. बाईंची श्रद्धा आधीही तीच होती.

आता नारायण वामन टिळक. 1895च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते शिकवू लागले, 1904मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी भागाची जबाबदारीही आली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, ही त्यांची धारणा सर्वांना ठाऊक आहे. 1917मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून यात यावेत, ही त्यांची कल्पना. चर्चशी वैर नव्हते. चर्चच्या शेजारी मोकळा मांडव घालायचा होता. वाचक हटकून म्हणतील की या प्रयोगाचे मर्म बाप्तिस्म्याची अट काढण्यातच आहे, पगार हा तपशील झाला. टिळकांच्या काळातल्या पाळकांनाही तोच मुद्दा बोचला होता, आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो खराच आहे. पण बाप्तिस्म्याला साताऱ्या-नगरात जो सामाजिक अर्थ आला होता तो आला कुठून? ब्राह्मण घरातल्या माणसाने बाप्तिस्मा घेतला की घर तुटे, आणि रोजी मिशनच्या आवारात शोधावी लागे. महार-मांग वस्तीतल्या माणसाला मिशनच्या शाळेत मास्तरकी मिळाली तर गावकी म्हणे, पोटासाठी बाटला. पाण्याचा विधी आणि पगारपत्रक अशी एकत्र बांधली गेली होती. टिळकांनी पगारपत्रकातून आपले नाव काढले तेव्हाच त्यांना विधीची सक्तीही सोडता आली. पगार घेत असताना दरबार उघडला असता तर बाप्तिस्मा न झालेल्या शिष्याला लोकांनी मिशनचे आमिषच म्हटले असते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पगार सुटला, मग दार उघडले.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पैशाचा पाश तोडल्याने मंडळी मोकळी होते हे खरे धरले, तर दरबार टिकायला हवा होता. टिकला नाही. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत, आणि त्यांच्या मागे तो फार काळ उभा राहिला नाही. परदेशी देणग्यांवर वाढलेले मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. हा आक्षेप खोडता येत नाही, पण त्यातून माझा मुद्दा मोडतही नाही, नेमका होतो. पगार सोडणे वेगळे आणि थैली सर्वांच्या हाती देणे वेगळे. टिळकांनी पहिले केले, दुसरे केले नाही. फॉयच्या पेनीसारखी, दिंडीच्या भिशीसारखी कुठलीही सोय दरबारात रुजलेली दिसत नाही. वारकऱ्यांचे उदाहरण टिळकांच्या डोळ्यांपुढे होते. पण दिंडी म्हणजे नुसते अभंग आणि वीणा नव्हे. माणशी भिशी ठरलेली असते, शिधा आणि सामान वाहायची सोय लागते, कुणाचे किती आले हे विणेकऱ्याला नसले तरी दिंडीचालकाला माहीत असते. म्हणून एक महाराज गेला तरी आषाढीला दिंडी निघते. टिळकांनी वारीचे गाणे घेतले आणि भिशी मागे ठेवली.

हुलसूरच्या शेजारी या प्रश्नाचे एक जुने उत्तर पडलेले आहे. शरणांच्या सभेत प्रत्येकाने आपल्या कायकावर, म्हणजे कष्टाच्या कामावर, जगायचे आणि उरले ते दासोहात, म्हणजे सर्वांच्या अन्नदानात, द्यायचे, अशी रीत सांगितली जाते. त्यांच्यातले आयदक्की मारय्या बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून संसार आणि दासोह चालवीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा बायको लक्कम्माने ते परत टाकून यायला लावले: गरजेहून जास्त घेतले तर ते कायक राहत नाही, हाव होते. सभेचे चित्र रंगवणारे 'शून्यसंपादने' पंधराव्या शतकातले, म्हणजे घटनेनंतर दोन-तीन शतकांचे, असा इतिहासकारांचा इशारा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. टिळकांनी कल्याणपासून काही घेतले, असा माझा दावाही नाही. पण सभा आठवताना या भागातल्या लोकांनी सूपभर तांदळाचा हिशेब आठवणीत ठेवला, एवढे निश्चित आहे. आणि तो हिशेब ठेवणारी बाई होती. साताऱ्याच्या दरबाराबद्दल लिहिताना हा तपशील सहसा सुटतो. टिळक हातचे देऊन टाकत, आणि रिकाम्या घराचा संसार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ओढत. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. लक्कम्माला तांदूळ किती आणायचे हे ठरवता येत होते. लक्ष्मीबाईंना विचारले गेले नाही.

राहिला गृहस्थांचा प्रश्न. संन्याशाला लग्न लावायचे नसते, पोरांची शाळा बघायची नसते. दरबारात येणाऱ्यांना हे सगळे होते. 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावायला दीक्षित पाळक, परवानाधारक किंवा सरकारी निबंधक लागतो. ओसरीवरच्या मंडळीच्या पुढाऱ्याला ते परस्पर करता येत नाही. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी मुख्यतः हिंदूंपुरती ठेवली. 1956मध्ये शीख आणि 1990मध्ये बौद्ध आत आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. सीमाभागातल्या दलित वस्तीत ख्रिस्ताची भजने म्हणणारा माणूस नोंदवहीत नाव घालायला कचरला, तर त्याची गणना श्रद्धेच्या कमतरतेत करणे सोपे आहे. पण नोंदवहीत नाव गेले तर त्याच्या मुलाची अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती आणि नोकरीतली राखीव जागा जाते. टिळकांच्या काळी बाप्तिस्म्याने रोजी मिळते असा आरोप होता. 1950नंतर बाप्तिस्म्याने ती जाते. दोन्ही वेळा विधीची किंमत चर्चबाहेर ठरली. भाषावार प्रांतरचना असो की 1981मध्ये मेथडिस्ट चर्चने अमेरिकेपासून घेतलेली स्वायत्तता असो, या हिशेबात तिने फारसा फरक पाडला नाही. बिदर-कलबुर्गीच्या खेड्यात उद्या कुणी नवा दरबार मांडला, तर त्याला टिळकांच्या अभंगांइतकीच गरज लागेल ती लग्नाच्या परवान्याची, दफनाच्या जागेची आणि आठवड्याला दहा रुपये गोळा करत दारोदार फिरणाऱ्या, ज्याला परवडत नाही त्याचे स्वतः भरणाऱ्या एखाद्या माणसाची.