नाडी थांबली, हृदय थांबलें काय?

पुण्याहून मुंबईस जाणारी गाडी मावळचीं भातखाचरें मागें टाकून बोरघाटाच्या माथ्याशीं पोहोंचते, तेथें लोणावळें लागतें. हवापालटासाठीं प्रसिद्ध असलेल्या या गांवीं १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापिलें. पूर्वाश्रमींचे हे जगन्नाथ गणेश गुणे. योगाभ्यासाविषयीं जें बोलावयाचें तें मोजून बोलावयाचें, हा त्यांचा बाणा. आसनें करतांना रक्तदाबांत काय फरक पडतो, नौलीनें आंतड्यांतील दाब किती उतरतो, याचीं मापें ते ‘योगमीमांसा’ या नियतकालिकांत प्रसिद्ध करीत.

योगायोग असा कीं, त्याच १९२४ सालीं लायडेन येथील विल्यम आइंटहोव्हेन यांस हृदयाचा विद्युत्‌-आलेख काढण्याच्या यंत्राबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. तोंपर्यंत हृदयाची लय ओळखावयाची ती मुख्यतः बोटांनीं. आमच्या वैद्यांनीं ही विद्या किती बारकाईनें जोपासली होती, तें शार्ङ्गधराच्या ग्रंथावरून दिसतें. सर्पाची, बेडकाची, हंसाची अशा गतींनीं त्यानें नाडी वर्णिली असून, थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक मानिली आहे. परंतु बोट मनगटावर असतें, हृदयावर नसतें. एखादा ठोका वेळेपूर्वीं पडला, तर हृदय पुरतें भरलेलें नसतें आणि ती लाट मनगटापर्यंत पोहोंचतच नाहीं. वैद्यास वाटतें, ठोका चुकला. वस्तुतः तो लवकर पडलेला असतो. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरूं लागले म्हणजे तर छातीवर मोजलेले ठोके व मनगटावर मोजलेले ठोके यांची संख्या जुळत नाहीं. हा भेद आलेखांत स्पष्ट उमटतो.

नाडी थांबविणाऱ्या योग्यांविषयींचें कुतूहल याच भेदापाशीं येऊन ठेपतें. १९३५ सालीं तेरेझ ब्रॉस ही फ्रेंच हृदयविशारद स्त्री आलेखयंत्र घेऊन भारतांत आली. एका योग्याच्या आलेखांतील लाटा कांहीं क्षण जवळजवळ नाहींशा झालेल्या तिला दिसल्या, व योगी हृदय थांबवितात ही वार्ता युरोपभर पसरली.

पुढें १९५७ च्या सुमारास अमेरिकेंतून वेंगर व बागची हे संशोधक आले. त्यांनीं लोणावळ्यास साधकांचीं मापें घेतलीं आणि दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्या सहकार्यानें हृदय थांबविण्याचा दावाही तपासला. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निर्णय स्वच्छ आहे. श्वास कोंडून छाती व पोट आवळलें कीं छातींतील दाब वाढतो. शिरांवाटे परतणारें रक्त अडतें. भरण्यास पुरेसें रक्त नसल्यानें हृदय जवळजवळ रिकामेंच आकुंचन पावतें. मनगटास ठोका लागत नाहीं, कानास ध्वनि ऐकूं येत नाहीं. आलेख मात्र चालूच होता. चमत्कारप्रियांची यानें निराशा झाली असेल; योगाचें कांहीं बिघडलें नाहीं.

खरें मोल तर त्या आवळण्यांतच होतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं इटालियन शरीरशास्त्रज्ञ वाल्साल्व्हा यानें कानाच्या तपासणीसाठीं श्वास कोंडण्याची जी क्रिया वर्णिली, ती हीच. श्वास सोडल्यावर रक्तदाब एकदम उसळतो, प्राणदा नाडीतंतु जागा होतो व हृदयाची गति उतरते. एकाएकीं सुरू होऊन मिनिटास दीडशें-दोनशें ठोक्यांवर जाणाऱ्या एका प्रकारच्या लयबिघाडावर डॉक्टर हा उपाय औषधापूर्वीं योजितात. २०१५ सालीं इंग्लंडांत झालेल्या चाचणींत नुसत्या कुंथण्यानें शेंकडा १७ रुग्णांची लय ताळ्यावर आली. परंतु कुंथल्यावर लगेच उताणें निजवून पाय वर उचलून धरले, तेव्हां शेंकडा ४३ जणांची. पाय वर उचललेल्या शरीरांत रक्ताचें काय होतें, याचीं मापें कुवलयानंदांनीं लोणावळ्यास सर्वांगासनाच्या निमित्तानें कधींच घ्यावयास आरंभ केला होता.