शोलावरमची धावपट्टी आणि शर्यतीच्या मोटारीतील स्विचफलक

प्रस्तावना

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. दोन वाहने शेजारी शेजारी उभी राहतात, हिरवा दिवा लागतो आणि पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर जो आधी कापेल तो जिंकतो. चांगल्या मोटारीला त्यासाठी दहा-बारा सेकंद पुरतात. एवढ्या वेळात चालकाला खाली पाहून बटण शोधण्याची सवड नसते. म्हणून अशा मोटारीत कंपनीचा डॅशबोर्ड काढून त्या जागी स्वतः बनवलेला स्विचफलक बसवतात. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर पाच-सहा खटके, एक स्टार्टरचे बटण आणि दोन-तीन दिवे, इतकाच त्याचा पसारा.

या पाठात आपण हा फलक इतिहासाचे साधन म्हणून वाचणार आहोत. त्यावरील प्रत्येक खटका कुठून आला, आणि सर्वांत महत्त्वाचा खटका चालकाच्या हाताबाहेर, मोटारीच्या मागच्या अंगाला का गेला, हे दोन प्रश्न आपल्यासमोर आहेत. उदाहरण म्हणून चेन्नई घेतली आहे. भारतातील मोटार शर्यतींचा सर्वांत सलग इतिहास याच शहराच्या आसपास घडला.

१. धावपट्टीवरून शर्यतीच्या मैदानावर

दुसऱ्या महायुद्धात मद्रासच्या उत्तरेला शोलावरम येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली गेली. युद्ध संपले, विमाने गेली, काँक्रीट मात्र उरले. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना झाली आणि शोलावरमची धावपट्टी शर्यतींची जागा बनली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हजारो प्रेक्षक तेथे जमत. त्यानंतर क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतःचा मार्ग बांधला. तो १९९० मध्ये सुरू झाला. मोटारसायकलींच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धाही पुढे याच ठिकाणी भरल्या.

हीच गोष्ट अमेरिकेतही घडलेली दिसते. १९५० साली कॅलिफोर्नियातील सांता आना विमानतळावर ड्रॅग शर्यती भरू लागल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या जीवघेण्या शर्यती बंद मैदानात आणणे हा तिचा एक हेतू होता. आपल्या महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. लांब, सरळ, सपाट आणि रहदारी नसलेली जागा विमानासाठी लागते, तशीच ड्रॅग शर्यतीलाही लागते.

२. खटक्याची वंशावळ

जमिनीप्रमाणे सामानही विमानांकडून आले. युद्धानंतर अमेरिकेत विमानांचे उरलेले भाग स्वस्तात विकले गेले. बिल बर्क यांनी १९४६ च्या सुमारास विमानाच्या इंधनटाकीपासून वेगाच्या मोटारीचे अंग बनवले. हातमोजे घालूनही चालवता येणारा टॉगल स्विच, चुकून हात लागू नये म्हणून त्यावर बसणारे लाल झाकण, इशाऱ्याचा दिवा, ही सगळी वैमानिकाच्या कक्षात रुळलेली पद्धत आहे. शर्यतीच्या फलकावर आजही ती दिसते.

खटक्याच्या आतली युक्ती मात्र त्याहून जुनी आहे. १८८४ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी झटकन तुटणारा स्विच बनवला. प्रवाह हळू तोडला की दोन टोकांमध्ये ठिणगी ओढली जाते आणि धातू जळतो. स्प्रिंगच्या जोरावर टोके एकदम दूर झाली की ठिणगीला वेळच मिळत नाही. टॉगल दाबताना ऐकू येणारा ‘खट्’ आवाज तो हाच.

येथे एक व्यावहारिक सूचना लक्षात ठेवा. घरातला एसी प्रवाह प्रत्येक सेकंदाला अनेकदा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. मोटारीतील डीसी प्रवाह शून्यावर येत नाही. शिवाय पंप किंवा पंख्याची मोटर बंद करताना दाब क्षणभर उसळतो. म्हणून खटक्यावर छापलेला एसीचा अँपियर आकडा मोटारीसाठी गृहीत धरू नये. डीसीचा आकडा वेगळा पाहावा.

३. मद्रासचे कारागीर, मद्रासचे सुटे भाग

मद्रासला मोटारीचे वेड नवे नव्हते. १८४० साली स्थापन झालेल्या सिम्प्सन कंपनीत १९०३ मध्ये सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी वाफेवर चालणारी मोटार बांधली. स्वातंत्र्यानंतर वंडलूरला स्टँडर्ड कंपनीच्या मोटारी, एन्नोरला अशोक लेलँडची वाहने आणि तिरुवोट्टियूरला एनफिल्डच्या मोटारसायकली बनू लागल्या. १९६१ मध्ये पाडी येथे लुकास-टीव्हीएसची स्थापना झाली. तेथे स्टार्टर, डायनामो, डिस्ट्रिब्युटर अशी मोटारीची विजेची सामग्री तयार होऊ लागली.

हे लक्षात घेणे गरजेचे आहे, कारण तो काळ आयातबंदीचा आणि परवान्यांचा होता. परदेशी शर्यतीचे सामान मिळणे कठीण आणि महाग. मग हाताशी असेल त्यातून भागवावे लागे. जुन्या गाड्या सोडवून त्यांचे भाग विकणारे पुदुपेट्टै, मोटारीच्या सामानाचा जनरल पॅटर्स रोड आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची रिची स्ट्रीट, ही आजही या शहरातील ठरलेली ठिकाणे आहेत. ट्रकचा रिले, जुन्या गाडीचे स्टार्टर बटण आणि रिची स्ट्रीटवरचा टॉगल एका पत्र्यावर एकत्र येतात, तेव्हा तो फलक त्या शहराच्या उद्योगाचा नकाशाच असतो.

४. फलकाची रचना

आता फलक कसा रचतात ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी कागदावरची. कोणकोणते भार आहेत ते लिहा: इग्निशन, इंधनपंप, पंखा, पाण्याचा पंप, पुढच्या चाकांचा ब्रेक धरून ठेवणारा लाइन लॉक. प्रत्येकाचा अँपियर लिहा. त्यावरून तारेची जाडी आणि फ्यूज ठरतो.

दुसरी पायरी रिलेची. दहा-बारा अँपियरचा इंधनपंप फलकावरच्या खटक्यातून थेट चालवू नये. खटक्याने फक्त रिलेचे कॉइल चालवावे; त्याला एक अँपियरचा छोटासा अंश पुरतो. रिलेवर ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके, ३० वर बॅटरीकडून येणारी तार आणि ८७ वर पंपाकडे जाणारी तार. हे आकडे जर्मन मानकातून आले आणि जगभर रूढ झाले.

तिसरी पायरी अंतराची. मागच्या चाकांवर वजन यावे म्हणून बॅटरी अनेकदा डिकीत नेतात. त्यामुळे तारा लांबतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून दहा अँपियर जात असतील आणि जाण्या-येण्याची लांबी आठ मीटर असेल, तर सुमारे अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. पंपाला कमी दाब मिळाला की इंधनही कमी पडते. मुख्य फ्यूज बॅटरीजवळच बसवावा, म्हणजे वाटेत तार घासून उघडी पडली तरी आग लागण्यापूर्वी तो वितळेल.

चौथी पायरी क्रमाची. खटके सुरू करण्याच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे लावा. सगळ्यांची ‘चालू’ दिशा एकच ठेवा. नावे ठळक लिहा. पट्टा बांधलेल्या स्थितीत हात पोहोचतो का, हे चालकाला बसवूनच तपासा.

५. बंद करण्याचा अधिकार कोणाचा?

इथवर सगळे चालकाच्या सोयीचे झाले. आता खरा प्रश्न. मोटार भिंतीवर आदळली, चालक बेशुद्ध आहे, इंजिन थांबलेले नाही आणि पंप फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओततो आहे. फलक कितीही सुबक असला तरी त्या क्षणी तो निरुपयोगी आहे.

जुन्या यंत्रांतही हा धोका होता, पण वेगळ्या रूपात. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः निर्माण करतो. त्याला थांबवायचे तर खटका जोडून ती वीज जमिनीला, म्हणजे इंजिनच्या धातूला द्यावी लागते. याचा अर्थ असा की खटक्याची तार तुटली तर इंजिन बंदच होत नाही. बॅटरी-कॉइलच्या पद्धतीत उलट घडते: तार तुटली की इंजिन थांबते. बिघाड झाला तर यंत्र कोणत्या बाजूला कलावे, चालू राहण्याच्या की थांबण्याच्या, हा सुरक्षेचा मूळ प्रश्न येथे उघड होतो.

याचे उत्तर म्हणजे बाहेरचा मुख्य खटका. बॅटरी मागे हलवलेल्या ड्रॅग मोटारीला तो मागच्या भागावर, बाहेरून पोहोचेल असा लावावा, असा अमेरिकी संस्थेचा नियम आहे. दांडी ओढ-ढकल प्रकारची असेल तर ढकलल्यावर बंद झाली पाहिजे, कारण घाईत धावत आलेला माणूस ढकलतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांतही असा खटका आहे. त्याची खूण म्हणजे पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगी. भाषा न येणाऱ्या मदतनीसालाही ती कळते.

येथे नवशिक्यांची एक चूक नेहमी होते. ते केवळ बॅटरीची तार तोडतात. पण इंजिन फिरत असेल तर अल्टरनेटर वीज देतच राहतो आणि इंजिन चालूच राहते. म्हणून मुख्य खटक्याने बॅटरी, अल्टरनेटर आणि इग्निशन तिन्ही तुटले पाहिजेत. तपासण्याची रीत सोपी आहे: इंजिन चालू ठेवा, थोडा वेग द्या आणि खटका ढकला. इंजिन थांबले नाही, तर ती मोटार शर्यतीस योग्य नाही.

समारोप

शोलावरमपासून इरुंगाट्टुकोट्टैपर्यंतचा प्रवास फक्त वाढत्या वेगाचा नाही. रिकाम्या धावपट्टीवरील हौशी खेळापासून नियम, तपासणी आणि मार्शल असलेल्या मैदानापर्यंतचा तो प्रवास आहे. चेन्नईच्या ईस्ट कोस्ट रोडवर रात्री होणाऱ्या बेकायदा शर्यतींमध्ये खटका ढकलायला धावणारा कोणी नसतो. मैदान आणि रस्ता यांतला फरक तोच आहे. चालकाने आपल्या मोटारीवरील शेवटचा अधिकार अनोळखी माणसाच्या हाती दिला, तेव्हा हौसेचा खेळ झाला. पुढच्या वेळी शर्यतीची मोटार पाहाल, तेव्हा आधी तिच्या मागे जाऊन तो निळा त्रिकोण शोधा.

स्वाध्याय

१. युद्धकाळातील धावपट्ट्या शर्यतींसाठी का उपयोगी ठरल्या? दोन देशांतील उदाहरणे द्या.
२. मॅग्नेटो आणि बॅटरी-कॉइल यांत तार तुटल्यास काय घडते, ते आकृती काढून दाखवा.
३. तुमच्या गावातील एखाद्या गॅरेजमध्ये जा. तेथील कारागीर सुटे भाग पूर्वी कोठून आणत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.