वाद्य येथें, आवाज तेथें

वाद्याचा आवाज वाद्यांतच असतो असें आपण सहज गृहीत धरतों. सतारीचा भोपळा सतारीलाच जडलेला असतो. बाजाच्या पेटीचा सूर पेटींतूनच निघतो. परंतु विसाव्या शतकांत असें एक वाद्य जन्मास आलें कीं, त्याचा आवाज कांहीं हात दूरच्या निराळ्याच पेटींत राहूं लागला, आणि त्या दोहोंचा संबंध केवळ तारांवर अवलंबून राहिला.

शिकागोचे लॉरेन्स हॅमंड हे घड्याळांचे कारखानदार. विजेच्या प्रवाहाशीं गति जुळवून चालणारी मोटर त्यांनीं घड्याळासाठीं सिद्ध केली होती. अशीच मोटर त्यांनीं ऑर्गनला लावली. १९३४ सालीं त्यांना पेटंट मिळालें आणि १९३५ सालीं हा ऑर्गन लोकांपुढें आला. नळ्या नाहींत, भाता नाहीं! पुढें गाजलेल्या त्याच्या ‘बी-थ्री’ ह्या प्रकारांत ९१ लहान दातेरी चाकें लोहचुंबकांसमोर फिरतात, आणि दाते जवळून जातांना शेजारच्या वेटोळ्यांत स्वराच्या कंपनांएवढी आंदोलनें असलेली वीज उत्पन्न होते. ही वीज ऐकूं येण्यास मात्र ध्वनिवर्धक आणि लाउडस्पीकर पाहिजेत.

येथेंच डॉन लेस्ली यांचा प्रवेश होतो. लॉस एंजेलिसच्या ह्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनीं १९३७ सालीं हॅमंड ऑर्गन घेतला. दुकानाच्या विस्तीर्ण दालनांत भव्य वाटलेला त्याचा स्वर घरच्या खोलींत अगदीं कोरडा वाटूं लागला. नळ्यांच्या ऑर्गनमध्यें स्वर अनेक जागांहून येतो. येथें तो एकाच बिंदूंतून येत होता. लेस्लींनीं तो बिंदूच फिरता केला. डॉप्लर ह्या शास्त्रज्ञानें १८४२ सालीं मांडलेलें तत्त्व ह्याच्या मुळाशीं आहे: जवळ येणारा स्वर किंचित् चढतो, दूर जाणारा उतरतो. लेस्लींच्या पेटींत उंच स्वरांसाठीं दोन तोंडांचा कर्णा फिरतो. परंतु गंमत अशी कीं, त्यांपैकीं एकच तोंड बोलतें. दुसरें मुकें असून केवळ तोल संभाळतें. खर्जाचा लाउडस्पीकर स्थिर असतो. त्याच्यासमोर एक पिंप फिरतें.

१९४१ च्या सुमारास ही पेटी विक्रीस आली. हॅमंड यांना ती रुचली नाहीं. परंतु वादकांनीं निर्णय दिला होता. जिमी स्मिथसारख्या जॅझ वादकांच्या हातीं ही जोडी अभेद्य झाली, आणि १९८० सालीं हॅमंड कंपनीनेंच लेस्लीचा व्यवसाय आपल्याकडे घेतला.

आज अशा जुन्या पेट्या दुरुस्तीस येतात, तेव्हां पुष्कळदां आंतील तारा सुटलेल्या असतात. दोन तारा जोडणें ती कसली मोठी गोष्ट, असें वाटेल; पण तेथेंच घात होतो. ‘१२२’ ह्या प्रसिद्ध पेटींत व्हॉल्व्हचा ४० वॉटचा ध्वनिवर्धक असून त्यास १६ ओहमचा भार लागतो. लाउडस्पीकर सुटलेला असतां कोणी जोरानें वाजविलें, तर आउटपुट ट्रान्स्फॉर्मरमध्यें विजेचा दाब भलताच चढतो आणि त्याचें आवरण जळूं शकतें. म्हणून आधीं जोडणी, मग वीज.

दुसरी गोष्ट, तारांची अदलाबदल होऊं नये. सुमारें ८०० कंपनांपाशीं स्वर विभागले जातात. वरचे कर्ण्याकडे, खालचे मोठ्या लाउडस्पीकरकडे. कर्ण्याच्या तारा खर्जाच्या जागीं गेल्या, तर त्याचा नाजूक पडदा फाटतो. तिसरी गोष्ट दिशेची. दोन पेट्या एकत्र वाजवावयाच्या, तर दोहोंचे खर्जाचे पडदे एकाच वेळीं पुढें आले पाहिजेत. एक पुढें व एक मागें गेला, तर खर्ज एकमेकांस खाऊन टाकतो. तारा सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. पडदा पुढें सरकला कीं सेलच्या धन टोकाची तार ती धन समजावी. आणि वीज बंद केली तरी कंडेन्सरमध्यें प्राणघातक भार उरतो, हें विसरूं नये. तो उतरविल्याखेरीज आंत हात घालूं नये.

तार सोडण्यापूर्वीं तिला चिठ्ठी बांधणारा कारागीर केवळ दुरुस्ती करीत नसतो. हॅमंडच्या चाकांचा स्वर लेस्लींच्या वाऱ्यावर ज्या रीतीनें सोडला गेला, ती रीतच तो जपून ठेवतो. पेटी जुनी झाली तरी चालेल. तिचा आवाज परका होतां कामा नये.