ट्राउट फिशिंगचा बेत आहे? अनोळखी नदीवर गळ टाकण्याआधी काय पाहायचं?

हिमालयातली निळसर नदी, गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस, हवेत वळणं घेत जाणारी दोरी आणि शेवटी हातात ठिपक्याठिपक्यांचा मासा. फ्लाय फिशिंगची अशी रील्स पाहून अनेकजण हिमाचल किंवा काश्मीरच्या ट्रिपचा बेत आखतात. पण रीलमध्ये लायसन्स दिसत नाही, मासेमारी बंद असलेले महिने दिसत नाहीत आणि नदीच्या वरच्या अंगाला धरण आहे का, हेही दिसत नाही.

८ जून २०१४ रोजी हिमाचलमध्ये फिरायला आलेले हैदराबादचे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी फोटो काढायला बियास नदीच्या पात्रात उतरले होते. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा टूर संयोजक वाहून गेले. हे लोक मासे पकडायला आले नव्हते. पण मासेमारीत माणूस तासन् तास पाण्यातच उभा असतो. त्यामुळे अनोळखी नदीचं प्लॅनिंग रॉड आणि रीलपासून नाही, पाण्यापासून सुरू करावं लागतं. कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीचं उदाहरण घेऊन ते समजून घेऊया.

फ्लाय फिशिंग म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावतात आणि शिशाच्या वजनामुळे दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये वजन दोरीलाच असतं. टोकाला असतो एक हलका गळ, ज्यावर पिसं, दोरा आणि केस बांधून किड्यासारखा आकार दिलेला असतो. हीच ती ‘फ्लाय’. ट्राउट पाण्यातले आणि पाण्यावरचे किडे खातो. आपली फ्लाय त्याला खऱ्या किड्यासारखी वाटली, तरच तो तोंड घालतो.

भारतात ट्राउट आला कुठून?

ट्राउट मूळचा भारतातला नाही. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राउन ट्राउटची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आणली. १९०९ च्या सुमारास तो कुलू खोऱ्यात पोहोचला. आज हिमाचलमध्ये तीर्थन, सैंज, बरोटची उहल, रोहडूची पब्बर आणि सांगल्याची बास्पा या नद्या ट्राउटसाठी ओळखल्या जातात.

हिमाचलच्या या नद्यांमध्ये प्रामुख्यानं ब्राउन ट्राउट असतो. हॉटेलच्या ताटात येतो तो बहुतेक वेळा फार्ममध्ये वाढवलेला रेनबो ट्राउट असतो. ‘स्नो ट्राउट’ हा तिथला स्थानिक मासा मात्र नावापुरताच ट्राउट आहे, तो रोहू-कटल्याच्या कुळातला आहे.

सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये ट्राउट नाही, याचं मुख्य कारण तापमान. त्याला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचं, भरपूर ऑक्सिजन असलेलं वाहतं पाणी मानवतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास होऊ लागतो.

तीर्थनच का?

तीर्थन ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून उगम पावते. २०१४ मध्ये या उद्यानाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. नदी गुशैनी, नागिनी, बंजार या गावांजवळून वाहत लारजीपाशी बियासच्या खोऱ्यात पोहोचते. माजी आमदार दिलाराम शबाब आणि गावकऱ्यांनी जलविद्युत प्रकल्पांना विरोध केला आणि तीर्थनवर मोठे प्रकल्प आले नाहीत. त्यामुळे या नदीचं पाणी अजून बऱ्यापैकी आपल्या चालीनं वाहतं. नवख्या माणसासाठी ही मोठी सोय आहे.

पण लारजीच्या खाली चित्र बदलतं. तिथे नदीची पातळी पावसावर नाही, प्रकल्पाचे दरवाजे कधी उघडतात यावर अवलंबून असते. दोन्ही जागा एकाच रस्त्यावर, काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत. म्हणून कुठल्याही नव्या नदीबाबत पहिला प्रश्न हाच विचारायचा: वर धरण किंवा बंधारा आहे का?

कोणत्या महिन्यात जायचं?

हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या नद्यांमध्ये मासेमारीला बंदी असते. थंडीच्या तोंडावर ब्राउन ट्राउटची मादी वाळू-खडीत खळगा करून अंडी घालते. या काळात पात्रात पाय पडला तरी अंडी चिरडतात.

उरलेले आठ महिनेही सारखे नसतात.

• मार्च ते मेचा मध्य: पाणी थंड, पातळी कमी, नितळ प्रवाह. नवख्यांसाठी चांगला काळ.
• मेअखेर ते जून: बर्फ वितळून पाणी वाढतं आणि गढूळ होतं. सकाळी पातळी कमी आणि दुपारनंतर जास्त असते.
• जुलै ते सप्टेंबरचा पूर्वार्ध: पावसाळा. जुलै २०२३ मध्ये कुलू जिल्ह्यात आलेल्या पुरानं रस्ते, पूल आणि घरं वाहून नेली. या दिवसांत बेत आखूच नये.
• सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर: पाणी पुन्हा नितळ होतं.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची अडचण अशी की, मुलांच्या सुट्टीचा काही भाग मेच्या शेवटी आणि जूनमध्ये येतो. शक्य असेल तर मेचा पहिला पंधरवडा किंवा दसऱ्याच्या आसपासचे दिवस धरावेत.

परवानगी कोणाची लागते?

मासेमारीचं लायसन्स राज्याचा मत्स्य विभाग देतो. दिवसाला किती मासे ठेवता येतील, त्यांची किमान लांबी किती असावी, कोणता पट्टा बंद आहे, हे लायसन्स घेतानाच विचारून घ्यायचं. राष्ट्रीय उद्यानात जायला वन विभागाची वेगळी परवानगी लागते. मासेमारीचं लायसन्स खिशात आहे म्हणून उद्यानात शिरता येत नाही. उद्यानाची हद्द कुठे सुरू होते, हे गेस्ट हाऊसच्या मालकांना माहीत असतं.

काश्मीरमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे नदीचे ‘बीट’ म्हणजे ठरावीक पट्टे पाडलेले असतात आणि परवाना त्या बीटपुरता, त्या दिवसापुरता मिळतो. त्यामुळे तिथे आधी बीट आणि मग हॉटेल बुक करावं.

घरबसल्या नदीची ओळख कशी करायची?

सॅटेलाइट मॅपवर नदी उगमाकडून खाली बघत या. धरणं, बंधारे, संगम, पूल आणि रस्त्यापासून पात्रात उतरायच्या वाटा खुणा करून ठेवा. खोल दरीतला, दोन्ही बाजूंनी कडे असलेला भाग टाळा. पाणी वाढलं तर तिथून बाहेर पडता येत नाही.

प्रत्यक्ष नदीवर पोहोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नका. दहा मिनिटं काठावर बसून पाहा. ट्राउटला कमी कष्टात जास्त खाणं हवं असतं. त्यामुळे तो मोठ्या धोंड्यांच्या पुढेमागे, खळाळ संपून डोह सुरू होतो तिथे, किंवा जोराची धार आणि संथ पाणी जिथे मिळतं त्या रेषेवर थांबतो. काठाजवळचा एखादा गोटा उलटून पाहा. त्याला चिकटलेले किडे ज्या आकाराचे आणि रंगाचे, तशी फ्लाय लावायची.

पहिल्या दिवशी स्थानिक गाइड घ्याच. त्यानं दाखवलेले चार डोह आणि सांगितलेली एक धोक्याची जागा नकाशात सापडत नाही.

पाण्यात उतरताना कोणती काळजी घ्यायची?

• काठावरच्या एखाद्या दगडावर पाण्याची पातळी हेरून ठेवा आणि दर थोड्या वेळानं तिकडे पाहा.
• पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा वरून घोंघावल्यासारखा आवाज आला, तर सामान सोडून उंचावर जा.
• जोराच्या धारेत गुडघ्याच्या वर पाणी नको. हातात मजबूत काठी ठेवा.
• भोंगा वाजण्याची वाट पाहू नका. नदीच्या आवाजात तो ऐकू येईलच असं नाही.
• एकट्यानं जाऊ नका. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा.

सामान काय घ्यायचं?

यादी छोटी आहे. साडेआठ-नऊ फुटांचा, ४ किंवा ५ वेटचा, चार तुकड्यांत सुटणारा रॉड. तरंगणारी लाइन, नऊ फुटी लीडर, वीस-पंचवीस फ्लाय. पाण्याखालचं दिसण्यासाठी पोलराइज्ड गॉगल. शेवाळावर न घसरणारे बूट. विमानानं जात असाल तर गळ आणि कात्री चेक-इन बॅगेत टाका.

पाच दिवसांचा बेत कसा असावा?

मुंबई-पुण्याहून दिल्ली किंवा चंडीगडमार्गे मनालीची बस घेऊन औटला उतरायचं आणि तिथून बंजारमार्गे गुशैनी गाठायची. येण्या-जाण्याचे दिवस वेगळे धरून, पहिल्या दिवशी लायसन्स घ्यायचं आणि नुसतं नदीकाठानं चालायचं. दुसऱ्या दिवशी गाइडबरोबर. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी पाहून ठेवलेल्या जागांवर सोबत्याबरोबर सकाळ-संध्याकाळ. पाचवा दिवस मोकळा ठेवायचा. डोंगरात एक दिवस पाऊस किंवा दरड घेऊन जाते, हे गृहीत धरलेलं बरं.

मासा लागला तर?

अनेक अँगलर मासा पाण्यात परत सोडतात. त्यासाठी काटा नसलेला, म्हणजे बार्बलेस गळ वापरतात. हात ओले करूनच माशाला धरायचं, नाहीतर त्याच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर निघतो. फोटो काढायचाच असेल तर मासा पाण्यातच ठेवायचा आणि कॅमेरा तयार झाल्यावर काही सेकंदांसाठीच वर उचलायचा. सोडताना त्याचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला करून हलकेच धरायचं. दम परत आला की तो स्वतःच हातातून निसटतो.

आणि मासा लागलाच नाही तर? नव्या नदीवर पहिल्या ट्रिपमध्ये असं पुष्कळदा होतं. डोह कुठे आहेत, पाणी कधी चढतं आणि कोणाला विचारायचं, हे कळलं असेल तर पुढच्या वेळी ती नदी अनोळखी राहिलेली नसते.