बालाघाटातल्या गाडीवाटा

धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटाच्या पठारावर आहे. या डोंगरांत आज हौशी भटके ज्या वाटांनी चालतात, त्यांतल्या बऱ्याच वाटा व्यापाऱ्यांच्या बैलांनी आणि यात्रेकरूंच्या पायांनी पडल्या आहेत.

त्यांचा सर्वांत जुना लेखी पुरावा परदेशी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर सांगितले आहे. तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात जाई. हे तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर, असे शिलालेखांचे अभ्यासक जॉन फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. तेर खरे तर पैठणच्या आग्नेयेला आहे. पण परमुलखातल्या दर्यावर्द्याला एवढी चूक माफ करायला हरकत नाही. पुढच्या काळात बंजाऱ्यांचे तांडे पाठाळ बैलांवर धान्य आणि मीठ वाहत. गाडी न जाणाऱ्या चढणीही त्यांना चालत.

मुक्कामाच्या सामानासह घर हलवणारी गाडी मात्र यात्रेने रूढ केली. शेतातलीच बैलगाडी त्यासाठी सजे. साट्यावर कडब्याचा जाड थर, वर घोंगडी, बांबूच्या कमानींवर तट्ट्या आणि मागे पाण्याची घागर. कडबा वाटेत माणसांचे अंथरूण होई आणि मुक्कामाला बैलांची वैरण. म्हातारी माणसे नि लेकरे गाडीत बसत, बाकीची चालत. चढ लागला की धडधाकट सगळेच उतरत. गाड्या सुटत त्या पाणी आणि सावली पाहून, ओढ्याकाठी किंवा आमराईत, आणि तीन दगडांची चूल पेटे. काळ्या रानात पावसाळ्यात चाके रुतत. चैत्रात ज्वारीचे खळे उरकलेले, बैल मोकळे आणि वाट कोरडी, म्हणून येरमाळ्याची येडेश्वरीची चैत्री यात्रा गाड्यांना सोयीची पडे. तिथे भाविक रानातली चुनखडी वेचतात, हा या यात्रेचा वेगळाच विधी. तुळजापूरला मात्र आश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून येणारे भाविक आजही पायी येतात.

लांबच्या प्रवासाला पर्याय आला तो बार्शी लाइट रेल्वेचा. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये येडशीमार्गे लातूरला पोचली. पुढे एसटी आणि ट्रॅक्टर आले, तशा यात्रेतल्या बैलगाड्या कमी होत गेल्या. रेल्वेचे रूळ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाले.

येडशीजवळचे रामलिंग हे या जुन्या प्रवासाचे सर्वांत हिरवे ठिकाण. दरीतल्या देवळाभोवतीचे सुमारे २२ चौरस किलोमीटर जंगल १९९७ मध्ये अभयारण्य झाले. शुष्क पानझडीचे हे रान उन्हाळ्यात करडे दिसते, पावसाळ्यात देवळाजवळ धबधबा पडतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यामुळे यात्रेतल्या बैलगाडीची आठवण करून देणारी, झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी घेऊन फिरण्याला सरकारी मान्यता मिळाली. अशा गाडीने येडशीला आलेल्या प्रवाशालाही रामलिंगाच्या दरीत पायऱ्यांनीच उतरावे लागते.