नसलेला घुमट

इमारतीच्या सपाट भिंतीवर प्रकाशझोतांनी खोल दालने भासविण्याचे तंत्र आजचे. त्यामागील दृष्टिभ्रम मात्र जुनाच. रोममधील संत इग्नेशियसच्या प्रार्थनामंदिराचे बांधकाम १६२६ साली सुरू झाले. पण योजलेला घुमट काही उभा राहिला नाही. अखेर १६८५ साली आंद्रेआ पोत्सो या येशूसंघीय धर्मबंधूने तो सपाट कॅनव्हासवर रंगविला आणि छताला बसविला. त्यातील खांब नुसत्या टेकूंवर कसे पेलतील, अशी शंका काही स्थापत्यज्ञांनी काढली. टेकू मोडलेच तर नुकसानभरपाई आपला एक मित्र देईल, असे मिस्कील उत्तर पोत्सोने आपल्या ग्रंथात नोंदविले आहे! फरशीतील नेमक्या खुणेवर उभे राहावे, तर घुमट खरा वाटतो. पुढे सरकताच तो कलंडू लागतो. झोत टाकणारे आजचे तंत्रज्ञही प्रेक्षकांची जागा आधी हेरतात, ती याच कारणाने.